कायमचा रहिवासी

'कायम' हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या विसाव्याचा आहे. नोकरी कायम झाली कीं मनुष्य घराची व मुलांच्या शिक्षणाची तजवीज निश्चिंतपणें करूं लागतो. ठराव कायम झाला कीं वाद संपतो. आणि मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम केलें कीं त्यांतील चुकासुद्धां कायम होतात. एकदां कायम झालेली गोष्ट पुन्हां पुन्हां कायम करावी लागत नाहीं, अशी आपली समजूत असते. परंतु हल्लीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून ज्या एका कायमपणाची चर्चा वारंवार ऐकूं येते, त्याची जात अगदीं निराळी आहे. मुलगा कॅनडांत 'पी. आर.' झाला, म्हणजे तेथील कायमचा रहिवासी झाला, असें आईबाप कौतुकानें सांगतात. हा कायमपणा पांच वर्षांत निदान ७३० दिवस तेथें काढले तरच टिकतो, हें मात्र बहुधा मागाहून कळतें. आणि ज्यांस तें वेळेवर कळतें त्यांसहि तें पाळणें दरवेळीं साधतेंच असें नाहीं. ते दिवस भरले नसतां त्या देशांत परत जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. आणि त्या निमित्तानें 'राहणें' म्हणजे काय, याविषयीं जो विचार आमच्या मनांत घोळत राहिला, तो येथें मांडण्याचा उद्देश आहे.

प्रथम नियम काय तो पाहूं. कॅनडाचा या विषयावरील सध्यांचा कायदा २००१ सालीं मंजूर झाला व २८ जून २००२ पासून अमलांत आला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमान्वयें कायमच्या रहिवाशानें दर पांच वर्षांच्या मुदतींत ७३० दिवस देशांत देहानें हजर असलें पाहिजे. हे दिवस सलग असावे लागत नाहींत; दिवसाचा थोडा भाग तेथें गेला तरी तो दिवस पुरा धरतात. मात्र पांच वर्षांची ही मुदत पंचांगांतील संवत्सराप्रमाणें एकदां सुरू होऊन एकदां संपणारी नव्हे. ज्या दिवशीं अधिकारी तपासणी करील, त्या दिवसापासून ती मागें मोजावयाची. म्हणजे ही चौकट रोज एक एक दिवस पुढें सरकते. एका टोंकानें नवा दिवस आंत येतो, तर दुसऱ्या टोंकानें जुना दिवस बाहेर पडतो. ज्यांस रहिवासी होऊन पांच वर्षें झालेलीं नाहींत त्यांच्याबाबत, पहिल्या पांच वर्षांत हा आंकडा पुरा होणें शक्य आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहतात.

आपल्याकडील राहण्याची कल्पना याहून किती वेगळी आहे! मराठी मनुष्यास "आपण कोठले?" असें विचारलें, तर तो ज्या गांवाचें नांव सांगतो तेथें कदाचित् त्याचा आजाहि राहिलेला नसतो. आम्ही स्वतः राजापुराकडील एका गांवाचे म्हणवितों. पण उभ्या आयुष्यांतील आमचें तेथील वास्तव्य एकत्र केलें तर एक महिना भरेल कीं नाहीं याची शंकाच आहे. तरी त्या गांवानें आमच्याकडे हजेरीचा हिशेब कधीं मागितला नाहीं. जुन्या दख्खनी गांवांत तर या भावनेस हक्काचें रूप होतें. तेथें शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. दुष्काळानें अगर धामधुमीनें तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क बुडत नसे. परत येऊन देणें फेडलें कीं तो पुन्हां आपल्या बांधावर उभा राही. घराण्याचा मागमूसच उरला नाहीं, म्हणजे मग त्या जमिनीस 'गतकुळी' म्हणत. उलट उपरी कितीहि वर्षें गांवांत राबला, तरी त्याचें राहणें कराराच्या मुदतीपुरतें. कॅनडाचा कायमचा रहिवासी हा या दोहोंच्या मधला प्राणी आहे. त्याला नांव मिरासदाराचें मिळतें आणि हजेरी उपऱ्याची द्यावी लागते.

आमची हकीकत थोडक्यांत अशी. १० सप्टेंबर २०१७ रोजीं पत्नी व सात वर्षांची मुलगी यांसह आम्ही टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरीं उतरलों. आमचा धंदा हिशेब तपासण्याचा. तो तेथें हळूहळू बसूं लागला होता. इतक्यांत पुण्यास वडिलांस अर्धांगाचा झटका आला. आम्ही एकुलते एक. १२ फेब्रुवारी २०१९ रोजीं आम्ही एकटेच निघालों. पत्नीची नोकरी व मुलीची शाळा यांमुळें त्या दोघी तेथेंच राहिल्या. दोन महिन्यांत परतूं असा बेत होता. परंतु वडिलांची वाचा परत आली नाहीं, आणि त्यांना उठविणें, बसविणें, भरविणें हें ऐंशीकडे झुकलेल्या आईच्यानें होण्याजोगें नव्हतें. पुढें २०२० च्या मार्चांत साथीमुळें हिंदुस्थानाचें परदेशी विमानांचें नित्याचें वेळापत्रक बंद झालें, तें थेट २०२२ च्या मार्चांत पूर्ववत् सुरू झालें. मध्यंतरीं, २०२१ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, कॅनडानें येथून जाणारीं थेट विमानें बंद केलीं होतीं. त्याच मे महिन्यांत वडील गेले. सुनेनें व नातीनें अंत्यविधि दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला. नंतर आई घरांत पडून तिच्या खुब्याचें हाड मोडलें. ती काठी घेऊन चालूं लागल्यावर, २ ऑगस्ट २०२२ रोजीं आम्ही कॅनडांत परत पाऊल ठेवलें. त्या वेळीं आमच्या खात्यावर ५२१ दिवस होते. पहिलीं पांच वर्षें भरण्यास ३९ दिवस उरले होते. दोन्ही मिळून ५६०. कोणत्याहि बाजूनें बेरीज केली तरी ७३० होणें शक्य नव्हतें.

येथें वाचक विचारतील कीं, इतक्या बारकाईनें रचलेल्या कायद्यांत अशा प्रसंगाची सोय नाहीं काय? परदेशीं काढलेले कांहीं दिवस कायदा देशांत काढल्यासारखे धरतो. पति किंवा पत्नी कॅनडाची नागरिक असून तिच्यासमवेत परदेशीं राहिल्यास ते दिवस मोजतात. कॅनडांतील एखाद्या व्यापारी संस्थेनें अथवा तेथील सरकारनें पूर्ण वेळेच्या कामावर परदेशीं धाडल्यास तेहि दिवस मोजतात. परंतु आजारी आईबापांच्या सेवेंत काढलेले दिवस त्या यादींत नाहींत. आम्हांस एखाद्या कॅनडियन पेढीनें माल खपविण्याकरितां पुण्यास पाठविलें असतें, तर आमचा प्रत्येक दिवस जमेस धरला गेला असता. वडिलांच्या उशाशीं बसलेला दिवस मात्र गैरहजेरींत पडला. हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस संताप आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. एकाच तारखेस पुण्याच्या घरांत आमची हजेरी लागत होती आणि कॅनडाच्या वहींत गैरहजेरी.

पण संताप ओसरल्यावर दुसरी बाजू दिसूं लागली. याच देशाच्या १९७६ सालच्या जुन्या कायद्यांत दिवसांची अशी सरळ मोजणी नव्हती. कोणत्याहि बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या रहिवाशानें देश सोडला असें गृहीत धरीत, आणि आपला तसा हेतु नव्हता हें त्यानें अधिकाऱ्यास पटवून द्यावयाचें. अमेरिकेंत अद्यापहि प्रश्न मुख्यतः हेतूचाच असतो. वरवर पाहतां ही पद्धति अधिक उदार वाटते. कारण ती देहापेक्षां मनाकडे पाहते. परंतु मनाचा पुरावा कसा द्यावयाचा? वडिलांच्या खाटेजवळ बसलों असतां आमचें मन कोठें होतें, हें आमचें आम्हांलाहि शपथेवर सांगतां आलें नसतें. कांहीं रात्रीं तें मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशीं असे. कांहीं दिवस तर कॅनडा नांवाचा देश पृथ्वीवर आहे याचीहि आठवण होत नसे. नवा कायदा असल्या चौकशींत पडत नाहीं. त्याला प्रेम नको, निष्ठेची ग्वाही नको. दिवस किती, एवढेंच तो विचारतो. आंकडा कठोर असतो खरा, पण तो कोणाच्या अंतःकरणांत हात घालीत नाहीं.

परतणाऱ्यास पूर्वी काय विचारीत, हेंहि या ठिकाणीं आठवण्यासारखें आहे. कॅनडानें १९०८ सालीं असा हुकूम काढला होता कीं, येणाऱ्यानें मायदेशाहून वाटेंत न थांबतां थेट आलें पाहिजे. हिंदुस्थानाहून तशी थेट आगबोट नव्हती, आणि हुकूमाचा हेतूहि तोच होता. १९१४ च्या मे महिन्यांत 'कोमागाटा मारू' ही आगबोट ३७६ हिंदी उतारूंसह व्हँकुव्हर बंदरांत आली. त्यांत बहुतेक शीख होते. दोन महिने ती बंदरांत अडकून राहिली, आणि शेवटीं जे सुमारें वीस जण पूर्वीं कॅनडांत राहिल्याचें सिद्ध करूं शकले ते, आणि बोटीवरील डॉक्टर व त्याचें कुटुंब, एवढ्यांसच उतरूं देण्यांत आलें. बाकीच्यांस २३ जुलै रोजीं परत जावें लागलें. याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं १८ मे २०१६ रोजीं तेथील लोकसभेंत क्षमा मागितली. तात्पर्य, ज्या काळीं आपल्या माणसांच्या तोंडावर दार लावून घेतलें जात होतें, त्या काळींहि 'मी येथें राहिलों होतों' या चार शब्दांस किंमत होती. राहिलेला दिवस हा सर्वस्वीं पुसून टाकतां येत नाहीं, ही जाणीव त्या निष्ठुर कारभारांतहि शिल्लक होती.

आजच्या कायद्यांत ती अधिक स्पष्ट आहे. दिवस कमी पडले म्हणून रहिवाशाचा हक्क आपोआप नाहींसा होत नाहीं. विलायतेंत कायम वास्तव्याची जी सामान्य परवानगी असते, ती सलग दोन वर्षांहून अधिक गैरहजेरीनें आपोआप संपते; कॅनडांत मात्र कोणी अधिकृतपणें निर्णय देईपर्यंत, व त्यावरील अपीलाचा निकाल लागेपर्यंत, मनुष्य रहिवासीच राहतो. पांच वर्षांच्या कार्डाची मुदत संपली म्हणून हक्क संपला असेंहि नाहीं. फक्त कार्डावांचून विमानांत चढतां येत नाहीं, व परदेशांतील कचेरींतून प्रवासाचा खास परवाना मागावा लागतो. तो नाकारल्यास ६० दिवसांत अपील करतां येतें. सरहद्दीवर पोंचलेला मनुष्य रहिवासी आहे अशी खात्री पटल्यास अधिकाऱ्यानें त्यास आंत घेतलेंच पाहिजे. दिवस कमी असल्यास तो अहवाल लिहूं शकतो, त्यावरून देश सोडण्याचा हुकूम निघूं शकतो, आणि त्या हुकुमावर ३० दिवसांत अपील चालतें. या प्रत्येक पायरीवर माणुसकीच्या कारणांचा विचार करण्याची मुभा कायद्यानेंच ठेविली आहे. दिवस किती कमी पडले, मनुष्य कां गेला, कां राहिला, संधि मिळतांच परतला कीं नाहीं, त्याचे पाश कोठें आहेत, आणि त्यांत एखाद्या लहान मुलाचें हित गुंतलें आहे काय, असे प्रश्न मग विचारले जातात. समोरच्या दारानें बाहेर ठेवलेलें मन अशा रीतीनें मागच्या दारानें आंत घेतलें जातें.

आमचें कार्ड ऑक्टोबरपर्यंत चालू होतें, म्हणून विमानांत अडचण आली नाहीं. विमानतळावरील अधिकारी एक मध्यम वयाची बाई होती. किती दिवस भरले, असें तिनें विचारलें. आम्हीं ५२१ सांगितले. इस्पितळाचे कागद, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आईच्या शस्त्रक्रियेचें पत्र आणि मुलीच्या शाळेचा दाखला, असें सर्व बाड आमच्याजवळ होतें. तिनें तें शांतपणें चाळलें. नंतर तिनें जो प्रश्न केला तो कोणत्याहि नियमावलींत नसावा. शेवटीं वडील तुम्हांस ओळखीत होते काय, असें तिनें विचारलें. आम्ही नाहीं म्हणालों. तिनें कागद नीट जुळवून परत दिले, यापुढें दिवस मोजीत जा असें बजावलें, आणि अहवाल न लिहितां आम्हांस जाऊं दिलें. दुसरा कोणी असता तर त्यानें अहवाल लिहिला असता, आणि तेंहि कायद्यास धरूनच झालें असतें.

आंत आल्यानें प्रश्न सुटला, असें मात्र नाहीं. वर सांगितलेल्या सरकत्या चौकटीचा खरा अर्थ आम्हांस यानंतर समजला. सप्टेंबर २०२२ पासून आम्ही एकहि दिवस देशाबाहेर गेलों नाहीं. तरी बेरीज हालेना. आजचा एक दिवस जमेस पडावा आणि पांच वर्षांपूर्वींचा एक दिवस त्याच वेळीं गळून जावा. असें दीड वर्ष चाललें, आणि आंकडा ५६० वर खिळून राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्यें जुने दिवस संपले, तेव्हां कोठें तो वाढूं लागला. आणि ३१ जुलै २०२४ रोजीं ७३० पुरे झाले. तोंवर नवें कार्ड मागणें म्हणजे आपण होऊन तपासणी ओढवून घेणें होतें. जुन्याची मुदत संपलेली. आणि कार्डावांचून एकदां बाहेर पडलेल्यास विमानानें परतण्याची शाश्वती नाहीं. म्हणून दोन वर्षें आम्ही जागचे हाललों नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं समुद्रगमन निषिद्ध मानून त्याला प्रायश्चित्त सांगितलें होतें, आणि विलायतेहून परतलेल्या आपल्या पूर्वजांना तें घेण्यासाठीं जातवाल्यांपुढें बसावें लागे. काळाची थट्टा अशी कीं, आतां स्वदेशीं जाऊन आल्याबद्दल परदेशांत बसावें लागतें, आणि समुद्र न ओलांडणें हेंच प्रायश्चित्त ठरतें.

या प्रायश्चित्ताची किंमत आमच्यापेक्षां दुसऱ्याच व्यक्तीनें अधिक दिली. २०२४ च्या मार्चांत पुण्यास आईचें सहस्रचंद्रदर्शन झालें. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसास ओंवाळतांना एकुलता एक मुलगा तेथें नव्हता. आम्ही पडद्यासमोर बसलों होतों, येथें पहाट होती; चुलतभावानें आमच्या वतीनें तबक हातीं घेतलें. जाऊन येतों, पुढचें पुढें पाहूं, असें आम्हीं आदल्या आठवड्यांत आईस म्हटलें होतें. ती म्हणाली, "तिकडचे दिवस आधीं पुरे कर. माझे मोजायला कोणी बसलेलं नाहीं." तिच्या बोलण्यांत रोष नव्हता. नात तेरा वर्षांची झाली, तिला बाप साडेतीन वर्षें मिळाला नव्हता, हाहि हिशेब तिनें केला होता.

कोणी म्हणतील कीं, नागरिकत्व घ्यावें म्हणजे ही कटकट मिटली. नागरिकास दिवस मोजावे लागत नाहींत, हें खरें. परंतु त्यासाठीं प्रथम पांच वर्षांत १०९५ दिवस लागतात. शिवाय आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणें स्वेच्छेनें दुसरें नागरिकत्व घेणाऱ्याचें हिंदी नागरिकत्व संपतें. ज्यांचें मन त्यास तयार होतें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यांचें होत नाहीं त्यांनीं मात्र तळ्यांत एक पाय आणि मळ्यांत एक पाय ठेवून उभें राहण्याचा कर दिवसांच्या रूपानें भरावयाचा असतो, हें ओळखून असावें.

मग आईबापांच्या सेवेचे दिवस कायद्यानें जमेस धरावे, अशी मागणी करावी काय? आम्हीं याचा पुष्कळ विचार केला. तसा नियम झाला तर सेवेची व्याख्या करावी लागेल. आजार किती मोठा, दुसरें कोणी जवळ होतें काय, मुलगा उशाशीं किती तास बसे, याचे तक्ते भरावे लागतील; आणि जे दिवस आज निदान आमचे स्वतःचे आहेत ते सरकारी नमुन्यांत जातील. त्यापेक्षां नियमानें दिवस मोजावे आणि माणसानें कारण ऐकावें, ही वांटणीच आम्हांस बरी वाटते. तींत धोका आहे. ऐकणारा माणूस कसा भेटेल हें कोणाच्या हातीं नसतें. पण धोका पत्करण्यासारखा आहे. ज्या कुटुंबांतील मुलें बाहेर आहेत त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, दिवसांची वही पहिल्या तारखेपासून ठेवावी, प्रत्येक कागद जपावा, आणि अधिकाऱ्यापुढें आंकडा आहे तसा सांगावा. परंतु आईबाप अंथरुणाला खिळले असतां ती वही उघडून बसूं नये. १३ फेब्रुवारी २०१९ पासून १ ऑगस्ट २०२२ पर्यंत १२६६ दिवस होतात. कॅनडाच्या हिशेबांत ते कोठेंच नाहींत, आणि त्याबद्दल त्या देशाशीं आमचें भांडण नाहीं; कारण ते दिवस त्याचे नव्हतेच. राहणें म्हणजे कोणास तरी आपले दिवस देणें. आणि दिवस एकदांच देतां येत असल्यामुळें, कायमचा रहिवासी असा मनुष्य एका वेळीं एकाच ठिकाणचा असूं शकतो.